रील बरं असतं, बोलावणं येतं, मग इंटरव्ह्यूत गाडी कुठे अडते?

फोंड्याच्या एका मॅडमनी विचारलंय की त्यांच्या ॲनिमेशन-व्हीएफएक्स (दृश्य परिणाम) डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना रील (स्वतःच्या निवडक कामाचा छोटा व्हिडिओ) बघून मुंबई-पुण्याच्या स्टुडिओंकडून बोलावणं येतं, पण समोर बसली की मुलं दोन वाक्यांत गप्प होतात आणि नंतर तिकडून काही कळवत नाहीत. तर नेहमीचे प्रश्न-उत्तरं पाठ करून घ्यावीत का, अजून एखादं सॉफ्टवेअर शिकवावं का, आणि सध्याच्या मंदीत त्यांना पाठवावं की थांबवावं, असे तीन प्रश्न आहेत.

मॅडम, पाठांतर अजिबात नको. मी बरीच वर्षं मुंबईत कंपोझिटिंग (वेगवेगळी चित्रं जोडून एक शॉट तयार करणं) केलं, लीड (टीमचा प्रमुख) झाल्यावर ज्युनिअर पोरांचे इंटरव्ह्यू घ्यायला बसायचो, आता म्हापशाला घरून काम करतो आणि थोडं शिकवतो. पाठ केलेलं उत्तर समोरच्याला पहिल्या दहा सेकंदांत कळतं, कारण त्या दिवशी आलेल्या सगळ्यांनी तेच पाठ केलेलं असतं, 'आय ॲम अ हार्डवर्किंग टीम प्लेयर' वगैरे, आणि एकदा पोपटपंची सुरू झाली की मग तो माणूस मुलाकडे बघत नाही, घड्याळाकडे बघतो.

बोलावणं आलं म्हणजे रील पसंत पडलंय हे आधी मुलांच्या डोक्यात भरवा. आता इंटरव्ह्यू घेणाऱ्याला दोनच गोष्टी बघायच्या असतात. एक, हे काम खरंच यानेच केलंय का, की यूट्यूबचं ट्युटोरियल जसंच्या तसं उतरवलंय किंवा ग्रुप प्रोजेक्टमधला मित्राचा शॉट उचललाय. दोन, याला उद्या स्टुडिओच्या फ्लोअरवर बसवला आणि याच्या शॉटवर चार नोट्स (सुधारणा) दिल्या तर हा त्या घेऊन कामाला लागेल की तोंड पाडून बसेल. म्हणून तो रील उघडतो, माऊसने पुढे-मागे ओढतो, मध्येच एका फ्रेमवर थांबतो आणि विचारतो, 'हे कसं केलंस?' आपली मुलं गप्प होतात ती बरोबर इथे. काम केलेलं असतं हो, पण केलेल्या कामाबद्दल तोंड उघडायची सवयच नसते. वर्गात सरांनी बघितलं, 'बरं आहे' म्हणाले, पुढचा असाइनमेंट, एवढ्यावर तीन वर्षं निघतात.

त्यामुळे तयारी ती एकच, वर्गात डेलीज, म्हणजे सगळ्यांसमोर शॉट लावून तपासणं, सुरू करा. स्टुडिओत रोज चालतात तशाच, तुम्ही आठवड्यातून एकदा केल्या तरी पुरे. मोठा स्क्रीन, एका मुलाचा एक शॉट, माऊस त्याच्याच हातात, बाकीची पोरं सुपरवायझर. मुलाने तीन गोष्टी सांगायच्या: मला प्लेटमध्ये (शूट केलेल्या मूळ चित्रात) काय मिळालं होतं, मी त्याचं काय केलं, आणि अजून काय खटकतंय. तिसरं महत्त्वाचं. सुरवातीला कोणी बोलणार नाही, 'सर, सगळें बरें आसा' म्हणतील, कारण शाळेपासून चूक झाकायची सवय, आणि इकडे तर तुमची चूक मास्तरांनी धरायच्या आधी तुम्हीच दाखवायची आहे. समोर बसलेल्याला चूक दिसलेलीच असते, त्याला एवढंच बघायचं असतं की ती तुला दिसतेय का.

एक उदाहरण जवळून सांगतो. माझ्याकडच्या एका पोराने पणजीच्या जेटीवरून फोनवर मांडवीचा शॉट घेतला आणि क्लीनअपचा सराव म्हणून नदीतल्या कॅसिनोच्या बोटी पुसून टाकल्या (गोव्यात क्लीनअप शिकायला याहून समाधानाचा विषय नाही). बघताक्षणी शॉट झकास, सगळी पोरं खूश. मग डेलीजमध्ये फ्रेम-फ्रेम पुढे नेली. बोट गेली होती पण तिचं पाण्यातलं प्रतिबिंब तसंच राहिलं होतं, म्हणजे बोट नाही आणि पाण्यात बोटीच्या रंगाचा पट्टा हलतोय. दुसरं, जिथे बोट होती तिथे त्याने एका स्थिर फ्रेमचा पॅच चिकटवलेला, त्यामुळे आजूबाजूचं पाणी लुकलुकतंय आणि मध्ये एक चौकोन गोठलेला. तिसरं, बेतीची फेरीबोट पुढून जाते तेव्हा तिच्या कठड्याच्या गजांमधून जुनी बोट क्षणभर डोकावते, कारण फेरीचा रोटो (फ्रेमागणिक बाह्यरेषा आखून वस्तू वेगळी काढणं) ढोबळ केला होता, गजांच्या मधल्या फटी सोडवल्याच नव्हत्या. चौथं ग्रेनचं, फोनच्या शॉटमध्ये संध्याकाळच्या उजेडात जो नॉइज (बारीक दाणे) असतो तो पॅचमध्ये नव्हता, म्हणून तेवढा भाग प्लास्टिकसारखा गुळगुळीत.

शॉट त्याने दुरुस्त केला ते केलाच, पण खरी गंमत त्याच्या सांगण्यात आली. नंतर इंटरव्ह्यूत त्याला तोच शॉट थांबवून विचारलं तेव्हा पोरगा सरळ म्हणाला की फोन व्हेरिएबल फ्रेम रेटने (सेकंदाला कमी-जास्त फ्रेम) शूट करतो म्हणून आधी तो फिक्स रेटमध्ये कन्व्हर्ट केला नाहीतर ट्रॅक (हालचालीचा माग) घसरत होता, मग हात हलत होता तो ट्रॅक करून शॉट स्थिर केला, पाण्यासाठी बाजूचंच हलतं पाणी काही फ्रेम मागे-पुढे सरकवून पॅच म्हणून वापरलं म्हणजे लाटा रिपीट झालेल्या कळत नाहीत, प्रतिबिंबाला वेगळा मास्क केला, फेरी तिच्या गजांसकट रोटो करून वर परत ठेवली, मूळ हालचाल परत लावली आणि शेवटी ग्रेन, आणि हे बघा, अजून डाव्या कोपऱ्यात काठ थोडा थरथरतोय, वेळ असता तर तिथला रोटो परत केला असता. इंग्रजी तोडकंमोडकं होतं, काळ सगळे चुकले, कोणाला काही फरक पडला नाही. लागला नोकरीला.

भाषेचं आता निघालंच आहे तर. आपली मुलं इंग्रजी माध्यमात शिकतात तरी अनोळखी माणसासमोर इंग्रजी बोलताना भीड वाटते, आणि मुंबईच्या फ्लोअरवर हिंदी-इंग्रजीची खिचडी चालते तीही त्यांच्या जिभेवर नसते. मी काय करतो, पहिल्या फेरीत शॉट कोकणीत किंवा मराठीत समजावून द्यायला लावतो, हवं तसं, घरी भावाला सांगावं तसं. डोक्यात क्रम बसला की तेच इंग्रजीत. रोटो कोकणीतही रोटोच आणि कीफ्रेम मराठीतही कीफ्रेमच, त्यामुळे अर्धे शब्द आयतेच येतात. आणि बोलताना हात माऊसवर हवा, बोट स्क्रीनकडे. मान खाली घालून बोलणारं पोरगं शॉटकडे बघून बोलायला लागलं की आवाज आपोआप चढतो.

विभागाप्रमाणे मुलांना थोडं वेगळं कोचिंग द्यावं लागेल. रोटोवाल्यांना नुसता रेंडर दाखवू देऊ नका, शेप फाइल उघडायला लावा आणि विचारा की या फ्रेमला की (आकार हाताने ठरवून दिलेली जागा) का लावलीस. हालचाल जिथे दिशा बदलते तिथे आधी कीज, मग मधोमध, मग उरलेलं, असं उत्तर आलं पाहिजे. प्रत्येक फ्रेमला की असेल तर काठ उकळल्यासारखा दिसतो आणि बघणाऱ्याला कळतं की पोराने हालचाल समजून न घेता नुसते पॉइंट ओढलेत. हात एकाच शेपमध्ये केलाय की दंड, कोपराखालचा भाग, पंजा असे वेगळे, आणि मोशन ब्लर (हालचालीचा धूसरपणा) मॅटमध्ये (वेगळ्या काढलेल्या आकाराच्या काळ्या-पांढऱ्या चित्रात) आहे का, हे विचारतातच.

मॅचमूव्हवाल्यांना (खऱ्या कॅमेऱ्याची हालचाल सॉफ्टवेअरमध्ये जुळवणाऱ्यांना) फोनच्या लेन्सवर पकडतात. फोनच्या माहितीत २४ किंवा २६ मिमी लिहिलेलं असतं ते ३५ मिमी फिल्मच्या हिशेबातलं समतुल्य माप, खरी लेन्स काही मिलिमीटरचीच असते. मुलं सॉफ्टवेअरमध्ये २६ टाकतात आणि सेन्सर वेगळाच निवडतात, सॉल्व्ह (कॅमेऱ्याचं गणित) कसाबसा होतो, तपासायला शॉटमध्ये शंकू ठेवले की ते घसरतात. हे एकदा वर्गात मुद्दाम चुकवून दाखवा, जन्मभर विसरणार नाहीत. कंपोझिटिंगवाल्यांना प्रीमल्टिप्लाय (रंग आधीच पारदर्शकतेने गुणलेले असणं) विचारतात, व्याख्या नको, कलर करेक्शनच्या आधी अनप्रीमल्ट न केल्याने काठावर जी काळपट किंवा उजळ रेघ येते ती स्क्रीनवर दाखवता आली की झालं.

ॲनिमेशनवाल्यांची गोष्ट वेगळी, त्यांच्या इंटरव्ह्यूत तत्त्वं विचारतात. बारा तत्त्वं सगळ्या पोरांना तोंडपाठ असतात, स्क्वॉश-स्ट्रेच म्हणून दाखवतात, पण मी विचारतो की २० मीटरच्या माडावरून नारळ पडला तर २४ फ्रेमच्या हिशेबात किती फ्रेममध्ये खाली येईल? वर्ग गार. अकरावीचं फिजिक्स आहे: वीस मीटर म्हणजे साधारण दोन सेकंद, म्हणजे ४८ फ्रेम. आणि त्यातल्या पहिल्या २४ फ्रेममध्ये नारळ जेमतेम पाच मीटर येतो, उरलेले पंधरा मीटर पुढच्या २४ मध्ये. हे एकदा कागदावर खुणा करून काढलं की स्पेसिंग (दोन फ्रेममधलं सरकण्याचं अंतर) म्हणजे काय ते समजतं, आणि पोरांच्या रीलमधले चेंडू फुग्यासारखे का तरंगतात तेही. असा विचार करणारं पोरगं समोर आलं की इंटरव्ह्यू घेणारा खुर्चीत पुढे सरकून बसतो. त्यांच्याकडे स्वतःचे रेफरन्स व्हिडिओही असू द्यात, पोतं उचलतानाचा स्वतःचा नाहीतर बापायचा व्हिडिओ बाजूला लावून दाखवला की चोरीचा संशयच राहत नाही.

रीलबद्दल थोडक्यात, कारण तुमचं ते बरं आहे. एक-सव्वा मिनिट, सगळ्यात चांगला शॉट पहिला, कमजोर शॉट लांबी वाढवायला म्हणून ठेवायचा नाही, तो बघणाऱ्याच्या लक्षात तोच राहतो. ग्रुपच्या शॉटवर आपण नेमकं काय केलं ते खाली लिहायचं. आणि ऑनलाइन इंटरव्ह्यू असेल तर रील स्क्रीन शेअरवर चालवू नका, व्हिडिओ कॉलवर फ्रेम गळतात, चांगलं ॲनिमेशन धक्के खात चालल्यासारखं दिसतं, फाइलची लिंक आधीच पाठवा आणि त्यांना त्यांच्याकडे चालवू द्या. पावसाळ्यात इंटरव्ह्यू असेल तर लाइट जाणार हे धरूनच चाला, लॅपटॉप चार्ज करून ठेवायचा आणि मोबाइलचं नेट तयार ठेवायचं.

एक गोष्ट मात्र आपल्या मुलांच्या रीलमध्ये कधीच नसते आणि असायला हवी. दिवाळीआधी रात्री जागून नरकासुराचे पुतळे करणारी, शिगम्याच्या चित्ररथावर हलणारे देखावे बसवणारी, चवथीच्या आधी चित्रशाळेत मूर्तीची आखणी करणारी पोरं तुमच्या वर्गात नक्की आहेत. सांगाडा कसा उभा केला, मान फिरावी म्हणून सांधा कुठे ठेवला, तोल कसा सांभाळला, याचे फोटो मॉडेलिंग-रिगिंगच्या (पात्र घडवणं आणि त्याला हलणारा सांगाडा बसवणं) पोर्टफोलिओत टाका, रीलच्या शेवटी दोन फोटो नाहीतर वेगळं पान. मुंबईच्या लीडला माया सॉफ्टवेअरमधला रिग रोज शंभर जण दाखवतात, मोटरने डोळे फिरवणारा पंधरा फुटी नरकासुर कोणी दाखवत नाही. पोरांना वाटतं ही गावची मस्ती, कामाशी काय संबंध. संबंध आहे, थेट आहे.

आता सॉफ्टवेअर. नका वाढवू. फ्रेशरने ज्या विभागात जायचंय त्याचं एक हातात मुरलेलं असावं, बाकीची तोंडओळख. कंपोझिटिंगला न्यूक, आणि त्याची नॉन-कमर्शियल आवृत्ती फुकट मिळते, आउटपुट एचडीपर्यंतच निघतं पण सरावाला भरपूर. ब्लेंडरवर शिकलेल्यांनी ते लपवायची गरज नाही, फक्त 'माया महिन्याभरात उचलतो' म्हणताना एखादी छोटी फाइल मायात करून दाखवता आली पाहिजे. एआयचा प्रश्न हल्ली हमखास येतो, न्यूकचं कॉपीकॅट, रिझॉल्व्हचं मॅजिक मास्क, ही एआयने मॅट काढणारी टूल्स असताना रोटोवाला कशाला घेऊ? यावर भाषण नको. त्या टूलने काढलेला मॅट आणि तोच हाताने सुधारलेला मॅट, दोन्ही बाजूबाजूला दाखवायचे, केसांपाशी आणि बोटांपाशी टूल फ्रेमागणिक कसं मत बदलतं ते दाखवायचं. एक संध्याकाळ लागते हे करायला.

टेस्टबद्दल सावध करा. बरेच स्टुडिओ एखादा शॉट देऊन काही दिवसांची मुदत देतात, ते योग्यच आहे, वेळेत द्यायचं आणि सोबत दोन ओळींत काय केलं, काय राहिलं ते लिहायचं. पण कोणी एकामागून एक ढीगभर शॉट 'टेस्ट' म्हणून देत असेल तर ते फुकटात काम काढणं आहे. नोकरीआधी ट्रेनिंग फी किंवा डिपॉझिट मागणाऱ्याकडे जाऊच नये. बाँड असला तर घरी नेऊन आई-वडिलांसोबत वाचायचा, किती महिने, सोडल्यास किती रक्कम, आणि मूळ सर्टिफिकेट्स कोणाच्या ताब्यात द्यायची नाहीत, झेरॉक्स द्यायची. आपल्याकडचे पालक सरकारी नोकरीच्या सवयीने ओरिजिनल फाइल घेऊनच मुलाला पाठवतात.

'गोवा सोडून इथे का येतोस, दोन महिन्यांत कंटाळून परत जाशील' हा प्रश्न आपल्या मुलांना जवळजवळ ठरलेला. सुशेगादचा (आरामात जगणारे) शिक्का आहे आपल्यावर, रागावून उपयोग नाही. राहायचं कुठे, पहिले काही महिने तुटपुंज्या पगारात कसं भागवणार, हे घरी आधी ठरलेलं असेल तर उत्तर आपोआप ठाम येतं: ठाण्यात मामाकडे राहणार, वर्षभर हलणार नाही. ठरलेलं नसेल तर ते चेहऱ्यावर दिसतं. नाइट शिफ्ट, डेडलाइनच्या दिवसांतलं जादा काम, यालाही हो-नाही आधीच ठरवून जावं. आणि कृपा करून पहिल्याच फेरीत 'चवथीला सुट्टी मिळेल ना' विचारू नका, मला स्वतःला ते अगदी पटतं, चवथीला घरी नसणं म्हणजे काय ते मला माहीत आहे, पण तो विषय ऑफर हातात आल्यावर एचआरशी स्पष्ट बोलायचा. प्रत्यक्ष बोलावलं असेल तर कोकणकन्येनं रात्रभर जागून उतरल्या-उतरल्या इंटरव्ह्यूला नको, आदल्या दिवशी पोचायचं.

मंदीबद्दल लपवण्यात अर्थ नाही. २०२३ मध्ये हॉलिवूडचे लेखक मे ते सप्टेंबर आणि कलाकार जुलै ते नोव्हेंबर संपावर होते, शूटिंगच बंद तर प्लेट्स कुठून येणार, त्याची झळ आपल्याकडच्या आउटसोर्सिंगला नंतरही बसत राहिली. त्यातून सावरतोय तोवर फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर ही मोठी व्हीएफएक्स कंपनी कोसळली आणि तिच्या एमपीसी, द मिल या स्टुडिओंसकट भारतातलीही खूप माणसं एका फटक्यात रस्त्यावर आली. म्हणजे तुमच्या फ्रेशरच्या शेजारी त्याच जागेसाठी दोन-तीन वर्षं काम केलेला बसलेला असू शकतो. नकार आला तर तो नेहमीच मुलाच्या कामावर नसतो एवढं त्यांच्या पालकांनाही सांगा, त्यांना वाटतं पोरगं काही कामाचं नाही. आणि फक्त सिनेमाच्या मागे लागू नका. जाहिराती, गेम्स, आर्किटेक्चरचे वॉकथ्रू, सगळीकडे हीच कला लागते, गोव्यात बिल्डर काय कमी आहेत.

तर पाठवायचं कधी? रोटो, पेंट (क्लीनअप), मॅचमूव्हवाली जी मुलं आत्ता स्वतःच्या शॉटबद्दल अडखळत का होईना पण पाच मिनिटं बोलू शकतात त्यांना लगेच पाठवा, त्या विभागांत फ्रेशरची भरती त्यातल्या त्यात होते आणि चार इंटरव्ह्यू दिल्याशिवाय भीड चेपत नाही. ॲनिमेशनवाल्यांना दोन-तीन महिने डेलीजमधून काढा, रीलमधले तरंगणारे शॉट परत करून घ्या. मधे नोव्हेंबर आला तर सगळ्यांची इफ्फीला (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला) विद्यार्थी म्हणून नोंदणी करा, २००४ पासून महोत्सव आपल्या दारात होतोय आणि आपली पोरं बाहेर सेल्फी काढून येतात. मास्टरक्लासला बसायचं आणि प्रत्येकाने माइक हातात घेऊन एक तरी प्रश्न इंग्रजीत विचारायचा, हा गृहपाठच द्या.

आणि ज्यांना उत्तर आलेलं नाही त्यांना गप्प बसू देऊ नका. आठवडाभराने एक साधी मेल, आभार, आणि माझ्या रीलमधल्या कोणत्या शॉटवर काम करू एवढं विचारायचं, जास्त काही नाही. बरेच जण उत्तर देत नाहीत, पण एखादा लीड एक ओळ लिहितो, 'तिसऱ्या शॉटचे एजेस बघ'. तेवढा शॉट सुधारायचा आणि काही महिन्यांनी त्याच मेलला रिप्लाय करून नवीन लिंक पाठवायची, नवीन मेल नको, जुनीच साखळी ठेवा म्हणजे त्याला वर स्वतःची नोट दिसते.